इंजिन कुणाकडे द्यायचं? आधी कंप्रेशनचे चार आकडे हातात घ्या

वाचकाचा प्रश्न : फोंड्याजवळ राहणाऱ्या एका वाचकाकडे २००५ची स्कोडा ऑक्टाविया आरएस आहे, १.८ लिटर टर्बो पेट्रोल. गाडी मूळची मोठ्या भावाची. दादा दुबईला गेल्यापासून हे तिच्यातून रोज वेर्ण्याला कामावर जातात. दीड लाख किलोमीटर झालेत. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी गाडी चालू केली की निळा धूर येतो, आणि सिग्नलला थांबून निघताना पुन्हा एक भपकारा. हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर ऑइल वर घालावं लागतं. घरच्या गाड्या वर्षानुवर्षं बघणारे फोंड्याचे मिस्त्री म्हणतात, ‘फुल इंजिन करावं लागेल, दीड लाखात करून देतो.’ पुण्याच्या एका परफॉर्मन्स गॅरेजने फोनवर साडेचार लाख सांगितले : फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, फोर्ज्ड रॉड, रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची नवी मांडणी) आणि अडीचशे हॉर्सपॉवर. दादा म्हणतो, ‘पुण्याला दे, पैसे मी पाठवतो.’ मुंबईहून तयार इंजिन आणून बसव, असाही सल्ला एका मित्राने दिला आहे. मिस्त्रींना दुखवायचं नाही, दादाला नाराज करायचं नाही, आणि दादा चवथीला येतोय, त्याआधी गाडी तयार हवी. अशी गाडी साध्या गॅरेजात उघडावी का, हा त्यांचा प्रश्न.

उत्तर :

तुमच्या पत्रात दोन गॅरेजं आहेत, दोन रकमा आहेत आणि घरच्या-बाहेरच्या सगळ्यांची मतं आहेत. इंजिनाचं एकही माप नाही. मिस्त्रींनी धूर बघून आणि आवाज ऐकून निकाल दिला, पुण्याने तर गाडी न बघताच. दोघेही आपापल्या परीने चांगलं काम करत असतील, त्याबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण न मोजता सांगितलेल्या रकमेवर इंजिन उघडायला देऊ नका. आज तरी गाडी कुणालाच देऊ नका.

तुम्ही धुराचं वर्णन नेमकं केलं आहे, आणि मला त्यातूनच वेगळी शंका येते. पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले असतील तर धूर येतो तो मुख्यतः इंजिनावर जोर पडतो तेव्हा. बोरीचा पूल ओलांडून चढाला लागलात आणि पाय दाबलात की मागे निळा पट्टा दिसायला हवा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं तर तिथूनही वाफेसारखा जोराचा श्वास यायला हवा. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. तुमचा धूर येतो रात्रभर उभी राहिल्यावर आणि सिग्नलला थांबल्यावर. रिकाम्या गतीवर इंजिन चालू असताना सिलिंडरात जास्त ओढ तयार होते, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे रबरी सील कडक झाले असतील तर त्या ओढीने ऑइल आत उतरतं. निघताना ते जळतं, तोच भपकारा. दुसरी शक्यता टर्बोची. टर्बोतून ऑइल परत खाली नेणारी नळी काजळीने अर्धी बुजली की ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर सरकतं. आणि तिसरी, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रीदर, क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोटातला) दाब बाहेर सोडणारी वाट. या इंजिनाच्या ब्रीदरच्या नळ्या उष्णतेने ठिसूळ होतात, तडकतात, आतून तुंबतात. क्रँककेसमधला दाब कोंडला की तो ऑइलला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो.

या तिन्हींपैकी काहीही निघालं तर फुल इंजिन करायची गरजच नाही. व्हॉल्व्ह सील तर हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवताही बदलता येतात, फक्त सिलिंडरात हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवावे लागतात. तुमच्या इंजिनाला दर सिलिंडरला ५, म्हणजे एकूण २० व्हॉल्व्ह आहेत, त्यामुळे काम किचकट आहे, चिकाटीचं आहे. पण ते दीड लाखाचं नाही, साडेचार लाखांचं तर नाहीच.

म्हणून पहिली पायरी कंप्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजणं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी दमदार. चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्या. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय वाढला तर गळती रिंगांतून आहे. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅसकेटकडे बघायचं. एकट्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. त्यानंतर जमल्यास लीकडाउन टेस्ट : बंद सिलिंडरात कॉम्प्रेसरची हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. आणि ऑइलपॅन उतरवून आतली जाळी बघा. १.८ टर्बोमध्ये जळकं ऑइल गाळ होऊन या जाळीत बसतं, ऑइलचा दाब पडतो, आणि बेअरिंगं उपाशी राहून खलास होतात. सकाळी पहिल्या मिनिटात वरून टिकटिक ऐकू येत असेल तर हे काम आजच्या आज करा, बाकी सगळं नंतर.

या तपासण्या तुमचे फोंड्याचे मिस्त्रीच करू शकतात. त्यांच्याकडे गेज नसेल तर विकत आणून द्या, फार महाग नसतं. ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असं त्यात काहीच नाही. ‘दादाला दुबईला आकडे पाठवायचे आहेत, तो विचारतोय’ एवढं म्हटलं तरी पुरे, आणि ते खरंही आहे. मिस्त्री स्वतः मोजायला उत्सुक दिसले तर तो माणूस धरून ठेवा. ‘त्याची काय गरज, मी सांगतोय ना’ असं म्हणाले, तर छोटी कामं त्यांच्याकडे ठेवा आणि इंजिन दुसरीकडे न्या. त्यांना वाईट वाटेल, पण दोन महिन्यांनी ते पुन्हा तुमचे ब्रेक बघत असतील. घरच्यासारखं नातं एवढ्याने तुटत नाही.

आता समजा, तपासणीत रिंगा आणि बोअर (सिलिंडरच्या आतल्या भिंती) खरोखरच गेलेले निघाले. मग गॅरेज निवडायचा प्रश्न येतो, आणि इथे तुमचं एक गृहीतक मला मान्य नाही. परफॉर्मन्स गाडी म्हणून परफॉर्मन्स गॅरेजच हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमचं इंजिन कंपनीने दीडशे हॉर्सपॉवरसाठी बांधलं, तेवढंच पुन्हा हवं असेल तर त्यात गूढ काही नाही. कारखान्याच्या मापाने मोजणं, कारखान्याच्या मापात परत आणणं आणि स्वच्छतेने बांधणं, एवढंच आहे. ते करणारा माणूस कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या पाटी नसलेल्या शेडमध्येही असेल, आणि झगमगीत गॅरेजात नसेलही.

अडीचशे हॉर्सपॉवरचं म्हणाल तर ती इच्छा कुणाची आहे, हे आधी ठरवा. गाडी रोज चालवता तुम्ही, फोंडा ते वेर्णा. कंपनीच्या छोट्या टर्बोवर अडीचशे निघत नाहीत. म्हणजे मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, इंटरकूलर, क्लच आणि त्यामागोमाग ब्रेक. साडेचार लाखांत यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे त्या फोनवर कुणी सांगितलं का? शिवाय फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर साध्यापेक्षा जास्त फुगतात, म्हणून त्यांच्याभोवती फट जास्त ठेवतात, आणि थंड इंजिनावर ते खडखडतात. रोजच्या ऑफिसच्या गाडीला मी ते घालणार नाही. दादाला ट्रॅकवर पळवायची असेल तर गोष्ट वेगळी, पण मग रोजच्या कामाला तुम्हाला दुसरी गाडी लागेल.

गॅरेज कितीही नामांकित असो, बोअरिंग, क्रँक पॉलिश आणि हेडचं काम बहुतेक जण बाहेरच्या मशीन शॉपला पाठवतात. तुम्ही ज्याला पैसे देता तो इंजिन खोलतो आणि बांधतो, पण इंजिनाचं आयुष्य ठरतं लेथवाल्याच्या हातात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : बोअरिंग कुणाकडे करता, आणि मी तिथे येऊ शकतो का? टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

गोव्यात मशीन शॉप नाहीत असं नाही. पण इथल्या जुन्या हातांची घडण खाणीचे ट्रक, बार्जा आणि ट्रॉलर यांच्या डिझेल इंजिनांवर झाली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या, ट्रक उभे राहिले, आणि त्या कामावर जगणाऱ्या अनेकांना दुसरं काम शोधावं लागलं. त्यातल्या चांगल्या कारागिरांबद्दल मला फार आदर आहे. फरक एवढाच की, ट्रकच्या इंजिनात झिजलेला लायनर, म्हणजे सिलिंडरची सुटी नळी, काढून नवा घालता येतो. तुमच्या इंजिनात सिलिंडर थेट बिडाच्या ब्लॉकमध्ये कापलेले आहेत, ८१ मिलीमीटर व्यासाचे. तिथे हात चुकला तर पुढचा ओव्हरसाइज (आणखी मोठा बोअर, मोठे पिस्टन), आणि तोही संपला तर स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी). त्यामुळे पेट्रोल टर्बोचे बोअर नेहमी करणारा माणूस हवा. तो वेर्ण्यात भेटला तर उत्तम, नाहीतर बेळगावचं उद्यमबाग आहे. फोंड्याहून सकाळी निघून काम बघून संध्याकाळी घरी येता येतं. मी असतो तर पुण्याच्या आधी बेळगाव-कोल्हापूरकडे चौकशी केली असती, कारण अधूनमधून जाऊन उभं राहता येणं ही या कामात फार मोठी सोय आहे.

चांगला मशीन शॉप ओळखायचा कसा? बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजतात, आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांना, म्हणजे एका सिलिंडरचे सहा आकडे. समजा तिसऱ्या सिलिंडरला वर ८१.०९, मध्ये ८१.०५ आणि खाली ८१.०२ आले. वरच्या टोकाला रिंगेची दिशा उलटते, दाब आणि उष्णता तिथेच सर्वाधिक, म्हणून झीज तिथे जास्त. हा कागद बघून ठरतं की, नुसतं होनिंग (भिंती हलकेच घासणं) करून नव्या रिंगा चालतील की ओव्हरसाइजला जायचं. असे चोवीस आकडे लिहिलेला कागद जो हातात देतो, त्याच्याशी पुढचं बोला. बोट फिरवून ‘बोअर मारावा लागेल’ म्हणणाऱ्याशी नको.

आणखी एक प्रश्न माणसाची पारख करून देतो : ‘बोअर आधी करणार की पिस्टन आधी मागवणार?’ बरोबर उत्तर एकच आहे. पिस्टन हातात आल्यावर त्यांचं माप घेऊन, त्यांना हव्या त्या फटीइतका बोअर करायचा. ‘पॉइंट पाच (अर्धा मिलीमीटर मोठा) करून ठेवतो, पिस्टन येतील मग’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडा. हेडच्या बाबतीतही सरसकट प्लेन करून घेऊ नका. पट्टी आणि फीलर गेज लावून वाकलंय का बघायचं, वाकलं असेल तेवढंच कापायचं. जास्त कापलं की कंप्रेशन वाढतं, आणि टर्बो पेट्रोल इंजिन नॉक करायला लागतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके पडतात. हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणून बसणारे असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप नवे हवेत. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि नवं काम मातीमोल होतं. कोटेशनमध्ये या वस्तू एकेक करून लिहिलेल्या दिसल्या पाहिजेत. ‘गॅसकेट किट, रिंग पिस्टन, मजुरी’ अशा तीन ओळींचं कोटेशन मला पुरत नाही.

तयार इंजिनाचा विचार सोडून द्या. आतून ते कसं आहे हेही कुणी मोजलेलं नसतं. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसी बुकावरचा नंबर जुळत नाही, मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२प्रमाणे आरटीओकडे नोंद करावी लागते, नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. तुमचाच ब्लॉक बोअर करून वापरला तर हा प्रश्न येत नाही. हॉर्सपॉवर वाढवली तरी विमा कंपनीला कळवावं लागतं. आणि खर्च करण्याआधी आरसीची मुदत बघा. १५ वर्षांनंतर खासगी गाडीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं, २००५च्या गाडीला दुसऱ्या नूतनीकरणाची वेळ येऊन गेली. आरसी दादाच्या नावावर असेल तर त्याच्याकडून अधिकारपत्र घेऊन ठेवा आणि बिलं कुणाच्या नावाने व्हायची ते आधी ठरवा. पक्कं बिल असेल तरच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चा उपयोग होतो, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

चवथीची मुदत कृपा करून कुणालाच देऊ नका. चवथीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यातलं आणि कोकणातलं अर्धं गॅरेज माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) आणि घरच्या ओढीने रिकामं होतं, आणि राहिलेले दोघे घाईत बांधतात. इंजिनाच्या बेअरिंगच्या कॅपांचा क्रम आणि दिशा ठरलेली असते, घाईत नेमकं तिथेच चुकतं. वरून आमचा पावसाळा. जुलैत होनिंग केलेला ब्लॉक ऑइल न चोपडता रात्रभर उघडा ठेवला, तर सकाळी भिंतींवर तांबूस झाक दिसते. तो गंज नव्या रिंगा खातो. तुम्ही गॅरेज बघायला जाल तेव्हा तिथे दुसऱ्याचं उघडलेलं एखादं इंजिन असेलच. ते झाकलंय का, सुटे भाग पिशव्यांत नावं घालून ठेवलेत का, ग्राइंडर जिथे चालतो तिथेच इंजिन बांधतात का, एवढं बघा. दादाला सांगा, चवथीला भाड्याची गाडी घेऊ, तुझी गाडी दिवाळीला.

पुण्याला पाठवायचीच ठरली, तर दोन गोष्टी. नुसतं इंजिन टेम्पोत घालून पाठवू नका, पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर जाऊ दे. इंजिन एकाने बांधायचं आणि फोंड्यात दुसऱ्याने चढवायचं, म्हणजे पुढे बिघडलं की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार. आणि हमीचं बोलताना नेमकं विचारा : सहा महिन्यांत इंजिन पुन्हा उतरवावं लागलं तर उतरवण्या-चढवण्याची मजुरी आणि गाडी नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा? याचं उत्तर लेखी घ्या. आगाऊ पैसे सुट्या भागांपुरते द्या, तेही बिलांसमोर. जुने भाग परत मागा. त्यांनी केलेल्या याच इंजिनाच्या दोन-तीन मालकांचे नंबर घ्या, आणि ज्याचं काम दोन वर्षांपूर्वी झालं त्यालाच फोन करा. महिन्याभरापूर्वी गाडी मिळालेला प्रत्येक जण खूशच असतो.

दादाशी बोलताना ‘पुणे की फोंडा’ असा वाद घालू नका. चार कोरडे (ऑइल टाकण्याआधीचे) आणि चार ओले (टाकल्यानंतरचे) आकडे त्याला पाठवा, ऑइलच्या जाळीचा फोटो पाठवा. पैसे तो देणार आहे, त्याला कळायला हवं की, ते कशावर खर्च होणार. माझा अंदाज आहे की, वीस व्हॉल्व्हचे सील, ब्रीदर आणि टर्बोची नळी एवढ्यात तुमचं काम भागेल. तसं झालं तर उरलेल्या पैशांतून सस्पेन्शनचे बुश आणि चांगले टायर घ्या. या वयाच्या गाडीला त्याने जेवढा फरक पडतो, तेवढा शंभर हॉर्सपॉवरने पडत नाही.

फुल इंजिन करावंच लागलं, तर पहिल्या स्टार्टच्या दिवशी गाडीजवळ हजर राहा. प्लग काढून, इंधन बंद ठेवून, ऑइलचा दाब येईपर्यंत नुसतं क्रँक करायचं, टर्बोत आधी ऑइल भरायचं, मगच चालू करायचं. पहिले हजार किलोमीटर पर्वरीच्या कोंडीत काढू नका. उसगाव-वाळपईकडच्या रस्त्याला न्या, वेग बदलता ठेवा, कधी जोर द्या, कधी पाय सोडून इंजिनालाच गाडी रोखू द्या, म्हणजे रिंगा नीट बसतात. पहिलं ऑइल लवकर बदला आणि फिल्टर कापून आत धातूचे कण किती आहेत ते बघा. त्यानंतर ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० लिहिलेलं. आणि दोन-अडीच हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा कंप्रेशन मोजून आज घेतलेल्या आकड्यांच्या शेजारी, त्याच कागदावर लिहा.